फक्कीचं घर

ओव्हरसियर फक्कीच्या रेघा मारून गेला आणि कासारसाईच्या माळावर बायजाचं घर उमटलं. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. कलत्या उन्हात चार पांढऱ्या रेघा, आणि दारापुरती सोडलेली जागा. बायजा तिथून आत गेली आणि उभीच राहिली. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला; मुक्काम पडेल तिथं चूल.

बाहेर गाव जमलं होतं. ज्याला कधीच घर नव्हतं त्याला पहिलं घर बांधायला सरकार मदत देणार होतं. पण उद्याच्या ग्रामसभेत गावानं हात वर केले, तरच ही जागा मिळणार होती. आणि गाव हात वर करायचं ते हैबतरावांकडं बघून.

"आमच्या आज्यानं खांद्यावर दगड वाहिले," हैबतराव म्हणाले. "तवा कुटं व्हतं सरकार?"

"आन् ही हिंडणार आठ म्हैने. घरात काय उंदरं नांदायची?" गोजराबाईनं विचारलं. हशा पिकला.

"माझा धाकटा ल्योक थोरल्याच्या वळचणीला हाय," भिवाजी कुरकुरला. "त्याला का न्हाई?"

"पाठ टेकायला भुई समद्यांनाच लागती," म्हातारे कुशाबा पुटपुटले. कुणी ऐकलं नाही.

बायजाला हे सगळं ओढ्यापलीकडून यावं तसं ऐकू येत होतं. हितं दळायचं जातं. हितं दिव्याचा कोनाडा. ती कोपऱ्यात उकिडवी बसली. तिचे हात आपोआप हलू लागले; पीठ मळावं, थापावं, तसे.

सावळा, तिचा नवरा, शरमून गेला. "बायजे, भाईर ये. लोकं हसत्यात."

"आले जी," ती मान वर न करता म्हणाली. "येवढी भाकर फुगू द्या."

आता कुणीच हसलं नाही.

हैबतराव तरातरा तिच्याकडं निघाले. रेघ बोटभर रुंद. ओलांडायला काय लागतं? पण रेघेपाशी त्यांचा पाय अडखळला. ते वळसा घालून दाराच्या जागी आले. वहाणा काढल्या.

"बायजा," ते खाकरले, "आत येऊ का?"

बायजानं डोईवरचा पदर सारखा केला.

"या की. जरा वाकून या, चौकट ठेंगणी हाय."

आणि साऱ्या गावादेखत हैबतराव वाकले.