सुदामचा दगड

उधव्याकडच्या रस्त्यावर दर रविवारी पोरं मोटारसायकलींची शर्यत लावत. २०१४ सालच्या पहिल्याच शर्यतीत सुक्याचा एकुलता पोर सुदाम वळणावरच्या मोहाच्या झाडावर आदळून मेला. त्याच्या नावानं सुक्यानं वळणाच्या अलीकडे दगड उभा केला, दर दिवाळीला चुना फासला. पाच वर्षांत एकाही रेसवाल्यानं हात जोडले नाहीत. आज सकाळी सुक्याचं टाळकं फिरलं. “यांच्या धुरळ्यात माझा पोर कशाला उभा राहील?” म्हणत त्यानं दगड उपटला नि खांद्यावर टाकून पाड्याकडं निघाला. दहा पावलं चालला नसेल, तोच आजच्या शर्यतीतली पहिली गाडी भरधाव येऊन त्याच झाडावर आदळली. दगडासकट सुक्या हाका मारत धावला. रक्तात पडलेला सुदामचाच दोस्त विनोद डोळे मिटूनच पुटपुटला, “काका, सुदामचा दगड कुठं गेला? तो दिसला की आम्ही ब्रेक मारतो...” खांद्यावरचा दगड कुठं ठेवावा, सुक्याला कळेना.