उतरलेली तार

मेहुणा भावोजींना पहिल्यापासून पाण्यात पाहायचा. तो वर्तमानपत्रात रेकॉर्डींची परीक्षणं लिहायचा आणि भावोजी पियानो लावायचे, म्हणजे त्याच्या लेखी हमालच.

त्या रविवारी बहिणीकडे येऊन त्याने एकाच पियानो कॉन्चेर्टोच्या दोन रेकॉर्डी लागोपाठ वाजवल्या. पहिली स्टुडिओतली, दुसरी याच शहरातल्या मैफलीची. दुसरीतला संथ भाग सुरू झाला तसं त्याने तोंड वेंगाडलं.

"ऐकलंत? वरची एक तार उतरलीय. मध्यंतरात पियानो पुन्हा लावायचा असतो, एवढंही कळू नये? कुठल्या गाढवाचं काम हे?"

"माझं," भावोजी म्हणाले. त्या तारेपायी त्यांचं सभागृहातलं काम कायमचं सुटलं होतं.

मेहुण्याला उकळ्या फुटल्या. "तरीच! त्या संध्याकाळी मैफलीला येताना मला मोटारीने उडवलं नसतं ना, तर भर सभागृहात उभं राहून तुमची लाज काढली असती. मध्यंतरात होतात कुठे?"

भावोजींनी सुई उचलली.

"इस्पितळात. तुझ्या गटाचं रक्त मिळेना, म्हणून तुझ्या बहिणीने मला बोलावून घेतलं. तुला सांगू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. तुझ्या तोंडून आभार ऐकायची हौस नव्हती मला."

मेहुण्याचा चेहरा खर्रकन उतरला.

भावोजींनी रेकॉर्ड पाकिटात घालून त्याच्या मांडीवर टाकली.

"इतकी वर्षं कधी पस्तावलो नाही. आज वाटतंय, थांबून तार लावायला हवी होती."