वायर काढून टाक

प्रीतमच्या जुन्या गाडीचं मागचं दार नीट लावलेलं असलं, तरी बझर वाजतच राहायचा. मेकॅनिकने विचारलं, "सेन्सर बदलू की वायर काढू?"

"वायरच काढून टाक. डोकं उठवलंय नुसतं," प्रीतम म्हणाला.

त्याच संध्याकाळी अंधेरीहून मुलुंडला घरी परतताना त्याची बायको श्रुतिका तान्ह्या तनूला घेऊन मागे बसली. प्रीतम कानात इअरफोन घालून ऑफिसच्या कॉलवर बोलत होता. हायवेला लागल्यावर मागून वाऱ्याचा आवाज यायला लागला.

"काच वर घे गं," तो मान न वळवता म्हणाला. आवाज येतच राहिला. त्याने वेग वाढवला.

बिल्डिंगखाली गाडी लावून तो मागे आला. त्याने हँडल ओढायच्या आधीच दार उघडलं. ते लागलेलंच नव्हतं. श्रुतिकाने एका हाताने तनूला छातीशी आवळलं होतं. दार ओढून धरलेल्या दुसऱ्या हाताची बोटं आखडून गेली होती आणि ती स्वतः घामाने भिजली होती.

प्रीतमने तिच्या बोटांकडे पाहिलं. "अख्खा हायवे तू असं दार धरून बसलीस? अगं, पडला असतात दोघी! ओरडली का नाहीस?"

"तू कॉलवर होतास," ती हळूच म्हणाली. "मागे एकदा मी मध्ये बोलले, तर तू मला हायवेवर उतरवून निघून गेलास. आज तनू होती रे माझ्याजवळ."