घाटातली ताडपत्री

तिरडी बांधून झाली होती, पण उचलायला कोणी पुढे येत नव्हतं.

बिजलीबाई बापाच्या उशाशी बसून होती. तांड्यातले पुरुष लिंबाखाली उभे होते. कोणी तिच्या नजरेला नजर देत नव्हतं. काल ढाणकीच्या बाजारातून परतताना घाटात ट्रकचे ब्रेक गेले. वळणावर ट्रक दरडीला घासून थांबला. ड्रायव्हर जहीरचं डोकं फुटलं, बाकीचे वाचले. तिचा बाप हरिसिंग तेवढा मागे, वरच्या सडकेवर मरून पडलेला सापडला.

ट्रकमध्ये मधोमध मिठाच्या आणि ज्वारीच्या पोत्यांची थप्पी होती. बायामुलं थप्पीच्या पुढे, डोकी गुडघ्यांत घालून बसलेली. मागे दोघंच होते, हरिसिंग आणि तांड्याचा नाईक भीमसिंग. हरिसिंगाने उडी मारली, असं नाईकाने सांगितलं.

तेवढं पुरे झालं. या तांड्याची माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. बैल गेले, शेती आली, तरी एक रीत उरली. लदेणी, म्हणजे तो लादलेला काफिला, वाटेत सोडून जो पळाला, त्याला तांड्याचा खांदा नाही. शेजारची धनीबाई कोणाला तरी म्हणाली, म्हाताऱ्याला गाडीवरून उतरायला दोघांचा हात लागायचा, मरताना बरी उडी सुचली. कोणी हसलं नाही.

बिजलीबाईने एकदाच चार माणसं मागितली. मग तिने आपल्या गाडीला बैल जुंपायला सांगितले. बापाला ती एकटी नेणार होती.

बैल जुंपले जात होते तेव्हा जहीर आला. डोक्याला पट्टी, सदऱ्यावर वाळलेलं रक्त. दवाखान्यातून तो थेट इथेच आला होता. मयत अजून दारात कशी, असं त्याने विचारलं. कोणीतरी हलक्या आवाजात सांगितलं. तो सरळ तिरडीपाशी गेला.

"कोन म्हनते पळाला?"

मग तो सांगू लागला. काल सकाळी कापूस घेऊन जाताना ताडपत्री सैल राहिली होती. त्याने हरिसिंगाला झापलं होतं. कसून बांध, तिच्यात हवा भरली की गाडी मागे ओढली जाते, डिझेल फुकट जळतं. हरिसिंग हसला होता. म्हणाला, मंग त हवा बैलाहून तगडी झाली. परतताना घाटात ब्रेकमध्ये जीव उरला नाही. गाडी सुसाट सुटली. तेवढ्यात जहीरला आरशात दिसलं, मागे ताडपत्री उघडली होती आणि दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आली होती. खालचे कोपरे गाडीच्या मागच्या फाळक्याला बांधलेले, वरचे दोरांनी थप्पीवरून ताणून धरलेले.

"हवेनं मांगून गाडी धरली, बिजलीबाई. जसं कोनी बैलाचं शेपूट धरून राह्यलं. गाडी मंद झाली म्हनून मले खालचा गेर टाकता आला."

वळणाच्या जरा आधी ताडपत्रीची एक बाजू सुटली. सगळा ओढा उरलेल्या बाजूवर आला आणि लगेच तीही गेली. पण तोवर वेग उतरला होता, गाडी दरडीवर घालता आली. थांबल्यावर त्याने फाळक्याच्या गाठी पाहिल्या, त्या हरिसिंगाच्याच हातच्या होत्या, आणि मग त्याची शुद्ध गेली.

बिजलीबाईने बापाचा हात उलटा केला. अंघोळ घालताना सगळ्यांना ते सडकेवरचं खरचटणं वाटलं होतं. तळव्याची कातडी सोलून निघाली होती आणि आतल्या मांसात दोराचा पीळ उमटला होता. तिने तो तळवा सगळ्यांना दिसेल असा धरला.

लिंबाखालची माणसं हलली. एकाने पायताणं काढली. कोणीतरी गाडीचे बैल सोडले. धनीबाईने ओढणी तोंडावर ओढली आणि ती रडू लागली.

पहिला खांदा नाईकाचा असतो. बिजलीबाई उठली आणि बाजूला झाली.

"नाईक, या," ती म्हणाली.

भीमसिंग जागचा हलला नाही. तिघांनी तिरडीला हात लावला होता, चौथी जागा मोकळी होती. सगळे थांबले. तो हरिसिंगाकडे बघत होता.

"मले बोलावू नोको, पोरी," तो म्हणाला. "दुसरं टोक माह्या हातात होतं. आधी तेच सुटलं."