पाँडिचेरीचा आरसा

देवचंदआबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि पुतण्याला कॉलेजात शिकवायला बसने जाणं किती जड जातं, हे तिसऱ्यांदा सांगितलं.

स्कूटर कुठून येणार, एवढंच काय ते आबांनी तोंडाने म्हटलं नव्हतं. केसरबाई शांतपणे सुपारी कातरत राहिल्या.

अमळनेरच्या या मंडळींना केसरबाईंची तिसरी मुलगी कोकिळा पसंत होती आणि कोकिळाला आबांचा पुतण्या. पण हुंडा द्यायचा नाही, असं केसरबाईंनी नवरा वारल्यावर ठरवलं होतं. थोरल्या दोघी यावल आणि जळगावला तशाच दिल्या होत्या. याचा त्यांना अभिमान होता आणि इथे देवपुरात तो कोणापासून लपलेला नव्हता. स्कूटर मागितली तर त्या नाही म्हणणार आणि सोयरीक मोडणार, हे उघड होतं.

आबांनी कोकिळाच्या हातांकडे पाहिलं.

"पोरनी बोटेसले पट्ट्या कसाले?"

"कामनी पोर शे, आबा," केसरबाई म्हणाल्या.

आबांची नजर मग भिंतीवर गेली. सगळ्या पाहुण्यांची तिथेच जायची. मधे वाटोळी काच आणि भोवती वेताच्या वळणदार पाकळ्या, पॉलिश नुसतं चमकत होतं. बाकी खोलीत दोन लोखंडी खुर्च्या आणि एक कॅलेंडर.

"हाऊ आरसा कोठला शे?"

"ह्यास्नी फौजमा असताना पाँडिचेरीथून फ्रेंच आरसा आणा. तवयपासून हाई जागा त्यानीच."

आबा उठले. पाकळ्यांवरून बोट फिरवून म्हणाले, "बठ्ठा अमळनेरमा असा आरसा नही."

केसरबाईंचा दीर भिकन कोपऱ्यात चुळबुळला. तो सुरतेच्या गिरणीत कामाला. थोरल्यांच्या बैठकींना त्याला रजा मिळाली नव्हती. पण रीत त्याला ठाऊक होती. त्यांच्या नात्यागोत्यात वरपक्षाच्या वडीलधाऱ्याने वधूच्या घरातली एक वस्तू मागायची, वधूकडच्यांनी ती द्यायची. तिच्यावर नारळ ठेवला की मागणं संपलं. पुन्हा मागेल त्याची भाऊबंदांत छी थू व्हायची. साधी माणसं तांब्याचा हंडा मागत. आबा साधे नव्हते. पण स्कूटर काही या घरात उभी नव्हती, आणि फ्रेंच आरसा समोर होता. गावात मिरवायला तो स्कूटरपेक्षा बरा.

"माले हाऊ आरसा पाहिजे," आबा म्हणाले.

भिकन ताडकन उठला. "वहिनी, दादानी आठवण शे ती."

केसरबाईंनी सुपारीचं तबक बाजूला सारलं. आरशाला हात जोडले आणि खिळ्यावरून तो स्वतःच उतरवला.

"जठे पोर दिधी, तठे आरसानं काय?"

आबांनी आरशावर नारळ ठेवला. सोयरीक पक्की झाली. कोकिळाने रडत सगळ्यांच्या पाया पडून घेतलं आणि आईला घट्ट मिठी मारली. दारातून बघणाऱ्या शेजारणीसुद्धा डोळे पुसू लागल्या. केसरबाईंसारखी बाई नाही, असं त्या एकमेकींना सांगत होत्या.

अमळनेरची जीप निघाली तेव्हा आरसा आबांच्या मांडीवर होता. वळणावर त्यांनी त्यात स्वतःच्या मिशा पाहून घेतल्या.

भिकन मात्र रिकाम्या खिळ्याकडे पाहत बसून राहिला. दादाने तो आरसा आगगाडीत तीन दिवस मांडीवर धरून आणला होता. स्टेशनवर उतरवून घ्यायला भिकनच गेला होता. त्याला वहिनीचा राग आला आणि रागावल्याची लाजही वाटली. एवढं काळीज आपल्याला झालं नसतं, हे त्याला कळत होतं.

"दादा ऱ्हाता तर देता नही," तो पुटपुटला.

"तुमना दादा पोरीसवर लई जीव लावत," केसरबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "उठा भाऊजी. मांगली खोलीमा चला, जरा हात लावा."

तो निमूटपणे मागे गेला. केसरबाईंनी कडी काढली. पाण्याच्या टाकीत वेत भिजत होते. समोर भिंतीला नमुन्यासाठी टेकवलेला होता दादाचा जुना, एक पाकळी तुटलेला पाँडिचेरीचा आरसा. आणि त्याच्याकडे बघत, बोटांना पट्ट्या बांधून, धाकटी निर्मला स्वतःच्या लग्नाचा आरसा विणत बसली होती.