बिश्केक ते ओश, खोगिरासह

"आपा, तीनशे किलोमीटरच तर आहे. चाळीस मिनिटांत ओश!" ओमुरबेकने शेजारच्या म्हातारीला तिसऱ्यांदा सांगितलं.

बिश्केकहून विमान सुटायच्या बेतात होतं. म्हातारीने दाराजवळची जागा मागून घेतली होती. "जन्मात पहिल्यांदा बसतेय रे," म्हणत तिने पट्टा खटकन लावला आणि फुलाफुलांच्या रुमालातले दोन तळलेले बोरसोक त्याच्या हातावर ठेवले.

तेवढ्यात मावसभाऊ काचकिनचा फोन आला. "जलालाबाद सोडलं मी, ओश आलंच! तू अजून तिथंच? विसर आता घोडा!"

"रात्रभर घाट तुडवलेस, आता जरा झोप काढ," ओमुरबेक हसला.

ओमुरबेकच्या भाचीला काल बिश्केकात मुलगा झाला होता. तिचे सासरे मामातकुल ओशला राहत. त्यांनी केव्हाच जाहीर केलं होतं, नातवाची बातमी जो पहिला दारात आणेल, त्याला सुयुंचू, म्हणजे शुभवार्तेचं बक्षीस म्हणून, आपला तांबडा घोडा. फोनवरच्या बातमीला ते बातमीच मानत नसत. महिनाभर फोन बंद करून बसले होते. त्या घोड्यावर ओमुरबेकचा भाचीच्या लग्नापासून डोळा होता. घोडा आपलाच, या खात्रीने पठ्ठ्याने खोगीरही आणलं होतं, ते खाली सामानात होतं.

डोंगरांवर विमान गदागदा हललं. म्हातारीने त्याचा हात गच्च धरला. "मेले रे बाबा! बोल काहीतरी, चांगलं बोल!"

हात तिचा छान उबदार होता. ओमुरबेकला दया आली. नाहीतरी बातमी त्याच्या पोटात मावतच नव्हती. भाचीचा मुलगा, मामातकुलचं निळं फाटक, तांबडा घोडा, सामानातलं खोगीर, त्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"शंभर वर्षं जगो लेकरू," म्हातारी म्हणाली आणि एकदम शांत झाली.

ओशला सामानाच्या पट्ट्यापाशी त्याचा जीव टांगणीला लागला. पिशव्या आल्या, पेट्या आल्या, खोगीर सगळ्यांत शेवटी आलं. मग टॅक्सीवाल्याला त्याने सारखं "पळव, पळव" करून भंडावून सोडलं.

निळ्या फाटकाबाहेर काचकिनची गाडी नव्हती. ओमुरबेकचा आनंद गगनात मावेना.

"सुयुंचू! मामातकुल आके, सुयुंचू!"

अंगणातला खुंटा रिकामा होता.

"काचकिन येऊन गेला?" त्याने खोगीर खाली टेकवलं.

"कोण काचकिन?" मामातकुल खुशीत हसत होते. "ये, बस, नातू झालाय मला! आणि हो, हे घे." त्यांनी बाजेवरची फुलाफुलांची पुरचुंडी त्याच्यापुढे धरली. "आपा म्हणाली, खोगीर खांद्यावर घेऊन एक भला माणूस येईल, दमलेला असेल, त्याला बोरसोक द्या."