नावाचा रकाना

तिसऱ्यांदा बेल दाबली आणि दार उघडायच्या आतच शिक्षिकेने पिशवीतून फॉर्म बाहेर काढला. आज बसायचं नाही, गप्पा नाहीत, पाणीसुद्धा नको. चूक दुरुस्त करायची, सही घ्यायची आणि सुटायचं. आधीच्या दोन्ही खेपांना म्हातारीने "जरा बसा, सांगते" म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा हिला बस गाठायची होती.

फॉर्म जनगणनेचा. शाळा सुटल्यावर घरोघर फिरायचं काम शिक्षकांच्याच गळ्यात पडतं, तसं ते हिच्या पडलं होतं. आणि या एका घराने तिचा जीव खाल्ला होता. दुमजली घर, समोरच बसचा थांबा, राहणारी बाई एकटी, वय अठ्ठ्याहत्तर. तिने स्वतः भरून दिलेल्या फॉर्मवर मात्र माणसं तीन. एक ती स्वतः. दुसरी स्त्री, वय छत्तीस, व्यवसाय शिकवणे. तिसरी मुलगी, वय आठ, इयत्ता तिसरी. खालच्या दोघींच्या नावाचा रकाना कोरा.

हे न कळायला शिक्षिका काही कुकुलं बाळ नव्हती. म्हातारीची लेक परदेशात कॉलेजात शिकवते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. या गावातल्या निम्म्या घरांनी तिला हेच ऐकवलं होतं. मुलगा तिकडे असतो हो, पण लिहा की, घर त्याचंच आहे. उरलेल्या निम्म्या घरांत कॉलेजची पोरं, एका खोलीत चौघं, दुपारी तीनला डोळे चोळत दार उघडणारी. इथे राहता का, असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघणारी. सगळ्यांना तिने घसा कोरडा करून एकच नियम सांगितला होता. एक तारखेला जो ज्या घरात राहत असेल, तो त्या घरचा. तिचा नवरा बोटीवर होता, म्हणून स्वतःच्या फॉर्मवर तिने त्यालासुद्धा घेतलं नव्हतं.

आणि ही म्हातारी कोण, तर कॉलेजात चाळीस वर्षं लोकसंख्याशास्त्र शिकवलेली. गावाने तिचं नावच आकडेमॅडम ठेवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

खरी आग वेगळीच होती. वॉर्डात राहणारी तीस मुलं भरली नाहीत तर तिची शाळा बंद होणार होती. बाकीची सगळी घरं झाली होती आणि मुलं निघाली होती एकोणतीस. कॉलेजमुळे भाडी अशी चढली होती की लेकुरवाळी माणसं कधीच गाव सोडून गेली होती. शिक्षिका स्वतः तासभर लांबून बसने यायची. तिची मुलगी याच शाळेत शिकत होती, पण गावात राहत नाही म्हणून मोजणीत नव्हती. काल मुख्याध्यापकांनी हळूच सुचवलं होतं, की आकडेमॅडमच्या फॉर्मवर एक मूल आहे ना, मग ते कशाला खोडता. ते शिक्षिकेच्या फार जिव्हारी लागलं. कारण तोच विचार तिच्याही मनात येऊन गेला होता.

दार उघडलं. आकडेमॅडमने तिला आत घेतलं, चष्मा शोधला, तो गळ्यातच होता, मग पेन शोधायला लागली. शिक्षिकेने उभ्याउभ्याच सुरुवात केली. लेकीची माया समजते, नातीची त्याहून समजते, पण परदेशातली माणसं इथे मोजता येत नाहीत, आणि हे मॅडमना तिने सांगावं म्हणजे कमालच झाली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, की लेकीला तिने मोजलेलंच नाही. लेक पन्नाशीची आहे आणि तिला मूलबाळ नाही.

शिक्षिकेच्या डोक्यात तिडीक गेली.

"म्हणजे माणसं तुम्ही मनानेच लिहिलीत? खोट्या मुलीवर शाळा वाचवू मी?"

तिने फॉर्म टेबलावर आपटला आणि तिसरी ओळ खोडायला पेन टेकवलं.

म्हातारीने त्या ओळीवर हात ठेवला. आज तारीख काय, असं विचारलं. सव्वीस, शिक्षिका म्हणाली. मग एक तारीख अजून यायची आहे, असं म्हणून म्हातारीने फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला. वरच्या दोन खोल्या परवा झाडून घेतल्यात, जिन्याला वेगळं दार आहे, पलंगही टाकलेत. चाळीस वर्षं तिने या गावाची वयं मोजली होती. विशीतली माणसं सापडत, सत्तरीतली सापडत. गाव चालवणारी मधली माणसं संध्याकाळी बसमध्ये बसून निघून जात, आणि ती कुठल्याच तक्त्यात येत नसत.

शिक्षिकेने खोल्यांचं ऐकलं, पण तिचा राग अजून उतरला नव्हता. खोल्या झाडल्या म्हणून काय माणसं उगवतात? या दोघी येणार कुठून, असं तिने तुटकपणे विचारलं.

"समोरच्या बसने," म्हातारी म्हणाली.

शिक्षिका खिडकीतून थांब्याकडे बघत राहिली. सकाळी पावणेसातला ती तिथेच उतरायची, अर्धवट झोपेतल्या पोरीला दंडाला धरून. पेन तिच्या हातात तसंच उघडं होतं.

आता वैतागायची पाळी म्हातारीची होती.

"तुमचं वय मी अंदाजाने टाकलंय, चुकलं असेल तर खोडा. मुलीचं तिनेच सांगितलं, त्या थांब्यावर. इयत्ताही सांगितली. पण नाव विचारेपर्यंत तुम्ही तिला ओढत घेऊन गेलात. मग तो रकाना मी भरायचा तरी कसा?"